युरोपात बाईक ट्रिपवर असताना अपघात झाला, तर पुढे काय होतं?

ऑगस्ट २०२५ मधली गोष्ट. मुंबईचा रायडर योगेश आलेकरी आपली केटीएम ३९० ॲडव्हेंचर घेऊन १७ देश आणि सुमारे २४ हजार किलोमीटर पार करत इंग्लंडला पोहोचला होता. नॉटिंगहॅममध्ये एका पार्कजवळ त्याने बाईक लावली आणि चोरांनी ती पळवली. सामान, कागदपत्रं, पासपोर्ट, सगळं बाईकसोबतच गेलं. पुढे तिथल्याच एका बाईकच्या दुकानाने त्याला त्याच मॉडेलची गाडी दिली, म्हणून प्रवासाचा धागा तुटला नाही.

हा मामला चोरीचा होता. पण परदेशात रस्त्यावर अडकलं की पुढचे प्रश्न तेच असतात, आणि अपघात असेल तर ते दुप्पट होतात. त्यात नवरा-बायको एकाच बाईकवर असतील तर चौपट. आल्प्सच्या घाटातली रील आपल्या फीडवर रोज येतात, बाईक आडवी झाल्यानंतरचे चार तास कोणी टाकत नाही.

मंद्रूपला सोलापूर-विजयपूर हायवेवर बाईक घसरली तर काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. कोणीतरी १०८ लावतं, कोणीतरी गाडी बाजूला घेतं, कोणीतरी नंबर बघून ‘एमएच १३ आहे, आपलाच दिसतोय’ म्हणतं. पोलीस यायच्या आत चुलतभाऊ पोहोचलेला असतो. मराठी नाही जमलं तर कन्नड चालतं. ऑस्ट्रियाच्या घाटात यातलं काहीच नसतं. एक गोष्ट मात्र सारखी आहे, ती म्हणजे ११२ हा नंबर. युरोपियन युनियनच्या कुठल्याही देशात तो फुकट लागतो.

मदतीच्या बाबतीत तिकडचा कायदा आपल्यापेक्षा कडक आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या त्रासापासून संरक्षण दिलं. जर्मनीत मात्र शक्य असूनही मदत न करणं हाच गुन्हा आहे. त्यामुळे तिथे अनोळखी माणूस थांबला तर बिचकू नका.

दुसऱ्या गाडीशी टक्कर झाली असेल, तर समोरचा माणूस बहुतेक एक फॉर्म पुढे करेल. युरोपातला हा अपघात-निवेदनाचा कागद सगळीकडे एकाच साच्याचा असतो, फक्त भाषा बदलते. दोघांनी मिळून भरायचा, रस्त्याचं चित्र काढायचं, दोघांनी सही करायची. विमा कंपन्या याच कागदावर चालतात. म्हणून जे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. आपल्या भाषेतला कोरा फॉर्म आधीच जवळ ठेवला, तर रकाने क्रमाने जुळवता येतात. मराठीत तो नाही, इंग्रजीवर भागवावं लागतं.

आता लायसन्स. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या आरटीओतूनच मिळतं, फी १,००० रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. ते मूळ लायसन्ससोबतच दाखवायचं असतं. गोम अशी की, युरोपात बाईकच्या ताकदीनुसार ए-१, ए-२ आणि ए असे गट आहेत. १२५ सीसीच्या बाईकच्या लायसन्सवर तिथे १,२०० सीसीची बाईक चालवता येत नाही. आपल्या लायसन्सवर फक्त ‘गिअरची मोटरसायकल’ एवढंच असतं. भाड्याने मोठी बाईक घेताना ‘माझ्या लायसन्सवर ही चालते का’ हे दुकानदाराकडून आणि विमा कंपनीकडून लेखी घ्या. कारण वैध लायसन्स नव्हतं, हे क्लेम नाकारण्याचं सगळ्यात सोपं कारण आहे.

खरा खेळ विम्याचा आहे. भीमेचा पूल ओलांडून विजयपूरला गेलात तरी तुमची बाईकची पॉलिसी चालते. जादा प्रीमियम भरला तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तानपर्यंत वाढवता येते. युरोपात ती चालत नाही. स्वतःची बाईक घेऊन गेलात तर तिथला थर्ड पार्टी विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यासाठी ‘ग्रीन कार्ड’ नावाची पद्धत आहे, भारत त्यात नाही. (हे कार्ड २०२० पासून पांढऱ्या कागदावरही छापता येतं, नाव तेवढं हिरवं राहिलंय.) भाड्याच्या बाईकला थर्ड पार्टी विमा असतो, पण बाईकच्या नुकसानीतला ठरावीक हिस्सा तुमच्या खिशातून जाऊ शकतो.

आणि मागे बसलेल्या बायकोचं काय? इथे फरक मोठा आहे. आपल्याकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेला माणूस तिच्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितलं. युरोपियन युनियनच्या नियमात चालक सोडून सगळे प्रवासी सक्तीच्या विम्यात येतात, आणि ‘ती चालकाची बायको आहे’ म्हणून तिला वगळता येत नाही. म्हणजे चूक नवऱ्याची असली तरी जखमी बायको त्याच बाईकच्या विम्यातून भरपाई मागू शकते. नवऱ्याला स्वतःसाठी तो रस्ता नाही. त्याची भिस्त ट्रॅव्हल इन्शुरन्सवर.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो. एजंट बहुतेकदा स्वस्तातला देतो आणि आपण बघत नाही. काही पॉलिसींमध्ये बाईक चालवणं साहसी खेळात धरून वगळलेलं असतं. पॉलिसीतला ‘काय मिळणार नाही’ हा भाग आधी वाचा, बाकीचा नंतर वाचला तरी चालेल.

दूतावास बिल भरेल, ही समजूत मनातून काढून टाका. घरच्यांशी संपर्क, वकील-डॉक्टरांची माहिती, पासपोर्ट गेला तर इमर्जन्सी सर्टिफिकेट, एवढं ते करतात. हे सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यासाठी असतं, म्हणजे टूर तिथेच संपते. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, पण तो आर्थिक परिस्थिती बघून अगदी गरजूंना दिला जातो. तक्रार नोंदवायला ‘मदद’ पोर्टल आहे.

पायात रॉड पडला आणि व्हिसा चार दिवसांत संपतोय, अशी वेळ आली तर घाबरून विमान पकडू नका. शेंगेन नियमांच्या कलम ३३ नुसार अशा अपरिहार्य किंवा मानवतेच्या कारणासाठी मुदतवाढ मिळते आणि तिची फी नसते. अर्ज मुदत संपण्याआधी करायचा, सोबत हॉस्पिटलचं पत्र जोडायचं. जखमीचाच नाही, त्याच्या उशाशी बसलेल्या जोडीदाराचाही अर्ज वेगळा करा.

राहिली बाईक. इराणसारख्या देशातून जायला ‘कार्ने’ नावाचा कस्टमचा कागद लागतो. गाडी परत बाहेर नेईन, ही त्यातली हमी. त्या कागदावर आत नेलेल्या बाईकचा चक्काचूर झाला तरी ती भंगारवाल्याला देऊन मोकळं होता येत नाही. तिथल्या कस्टमकडून गाडी नष्ट झाल्याचा शिक्का घ्यावा लागतो, नाहीतर अख्ख्या ड्युटीचं बिल मागे लागतं.