विधानसभेत बहुमत होतं, तरी विलीनीकरण का नाही?

मी बेळगावचा, पेशाने इंजिनिअर. हद्दीचा विषय आमच्या घरोघरी निघतो, म्हणून गोव्याचा इतिहास वाचताना एक प्रश्न पडला. १९६३ च्या पहिल्या विधानसभेत ३० आमदार; सत्ता मगो पक्षाची, मागणी महाराष्ट्रात विलीनीकरणाची. मग घोडं अडलं कुठे?

विधानसभा कायदे करते, अंदाजपत्रक मंजूर करते; पण प्रदेशाची हद्द बदलणं संसदेच्या हाती असतं. संसदेने १९६६ मध्ये कायदा करून थेट गोवेकरांनाच विचारायचं ठरवलं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाविरुद्ध ३४,०२१ मतं जास्त पडली.

गंमत म्हणजे मार्चमध्ये गोव्याने मगोलाच पुन्हा निवडून दिलं. सरकार निवडणं आणि भवितव्य ठरवणं, हे दोन प्रश्न लोकांनी वेगळे ठेवले होते, असं मला वाटतं.