भूल आणि जाग

एका मोठ्या रुग्णालयात एकाच सकाळी तीन रोग्यांवर शस्त्रक्रिया व्हावयाच्या आहेत, अशी कल्पना करा. पहिला रोगी सहा वर्षांचा मुलगा, दुसरी चाळिशीतील गृहिणी आणि तिसरे पंचाहत्तर वर्षांचे आजोबा. तिघांनाही भूल दिली जाते, तिघांच्याही शस्त्रक्रिया यशस्वी होतात आणि तिघेही शुद्धीवर येतात. परंतु प्रत्येकाची जाग निराळी! मुलगा डोळे उघडताच हातपाय झाडून रडू लागतो. आई उशाशी उभी असूनही तिला ओळखत नाही. गृहिणीला हुडहुडी भरते व मळमळू लागते. आजोबा शांतपणे जागे होतात, आपले नाव सांगतात. मात्र रात्री आपण घरीच आहोत असे समजून, बैलांना वैरण घातली का, असे पुन्हा पुन्हा विचारू लागतात. भूल एकच, मग हा फरक का?

भूल म्हणजे गाढ झोप, असे पुष्कळांना वाटते. पण ते खरे नव्हे. झोपलेल्या माणसास टाचणी टोचली तर तो तत्काळ जागा होतो. भुलीखाली असलेल्या माणसास शस्त्राचा स्पर्शही जाणवत नाही, आणि त्या वेळेची आठवणही पुढे राहत नाही. त्याचे स्नायू शिथिल होतात. श्वास मंद होतो, कधी तो यंत्राने चालवावा लागतो. औषध थोडे कमी पडले तर वेदना जाणवू शकतात. अधिक झाले तर श्वास व हृदय यांनाच धोका पोचतो. या दोन मर्यादांमधील वाट प्रत्येक माणसागणिक बदलते. हे सत्य वैद्यकशास्त्रास फार मोठे मोल देऊन शिकावे लागले.

इ. स. 1845 च्या जानेवारीत अमेरिकेतील बोस्टन शहरी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगावयास देऊन एका माणसाचा दात सर्वांसमक्ष उपटून दाखविला. वेल्सने या वायूचा गुण स्वतःवर अनुभवला होता. पण त्या दिवशी रोगी ओरडला. जमलेल्या मंडळींनी वेल्सची हेटाळणी केली आणि तो अपमानित होऊन परतला. वायूची पिशवी वेळेपूर्वीच दूर केली गेली, असे त्याचे म्हणणे होते. आपणास नेहमीइतकी वेदना झाली नाही, असे त्या रोग्याने मागाहून सांगितले. पण तोवर वेळ निघून गेली होती.

पुढच्याच वर्षी, 16 ऑक्टोबर 1846 रोजी, त्याच शहरातील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन याने एका तरुणास ईथरची वाफ दिली आणि शल्यवैद्य जॉन वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीची शस्त्रक्रिया केली. रोगी ओरडला नाही. तोपर्यंत शस्त्रक्रिया म्हणजे रोग्यास चौघांनी घट्ट धरून ठेवावयाचे आणि शल्यवैद्याने होईल तितकी त्वरा करावयाची, असा प्रकार असे. त्या दिवसापासून हे चित्र पालटू लागले.

परंतु आनंदाच्या भरात सावधगिरी मागे पडली. 1847 मध्ये एडिंबरो येथे जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला. थोड्याच महिन्यांत, जानेवारी 1848 मध्ये, इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळच्या एका खेड्यात पंधरा वर्षांच्या हॅना ग्रीनर या मुलीच्या पायाच्या बोटाचे नख काढावयाचे होते. पूर्वी अशाच शस्त्रक्रियेसाठी तिला ईथर दिले होते व ते तिला सोसले होते. या वेळी कापडावर थोडेसे क्लोरोफॉर्म ओतून तिच्या नाकाशी धरले, आणि काही मिनिटांतच तिचा मृत्यू झाला. नखासारख्या क्षुल्लक कारणासाठी एक कोवळा जीव गेला!

या घटनेचा विचार करणाऱ्यांत लंडनचे डॉक्टर जॉन स्नो हे एक होते. कापडावर अंदाजाने औषध ओतणे त्यांस पसंत नव्हते. वाफेचे प्रमाण ताब्यात राहावे म्हणून त्यांनी उपकरणे तयार केली आणि आपल्या रोग्यांची टिपणे वर्षानुवर्षे लिहून ठेवली. औषध देऊन दूर न होता रोग्याचा श्वास, नाडी व चेहरा न्याहाळीत राहणे, हीच त्यांची रीत होती.

वयाप्रमाणे भुलीची मात्रा बदलते. वजनाच्या मानाने तान्ह्या मुलास ती अधिक लागते, तर वृद्धास कमी पुरते. यकृत, मूत्रपिंडे व हृदय यांची स्थिती, नित्याची औषधे आणि व्यसने यांचाही परिणाम होतो. काही भेद तर रक्तातूनच आलेले असतात. 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी पाय मोडलेला एकवीस वर्षांचा एक तरुण रुग्णालयात आला. त्यास पायापेक्षा भुलीचेच भय अधिक वाटत होते. कारण त्याचे दहा नातेवाईक ईथर दिल्यानंतर दगावले होते. डॉक्टरांनी हॅलोथेन हे नवे औषध वापरले. दहाच मिनिटांत त्याची नाडी धावू लागली व अंग तापले. डॉक्टर सावध होते. त्यांनी शस्त्रक्रिया थांबविली, त्याच्या अंगाभोवती बर्फ रचला आणि तो वाचला. मायकेल डेनबरो या डॉक्टरांनी त्याच्या घराण्याचा शोध घेतला, तेव्हा हा स्नायूंचा आनुवंशिक विकार असल्याचे उघड झाले. आता त्यावर डँट्रोलिन हे औषध उपलब्ध आहे. त्या तरुणाने आपली शंका मनातच ठेवली असती तर?

म्हणूनच आजचा भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास अनेक प्रश्न विचारतो. पूर्वी भूल दिली होती काय? घरात कोणास तिचा त्रास झाला होता काय? दात हलतो काय? काही खाल्ले आहे काय? भुलीखाली घशाची राखण सुटते. पोटातील अन्न वर येऊन श्वासनलिकेत शिरले तर प्राणावर बेतते. चोरून खाल्लेले एक बिस्किटही लपवू नये, ते याचसाठी.

आता त्या तिघांकडे पुन्हा वळू. भुलीमुळे शरीराची उष्णता राखण्याची शक्ती मंदावते, म्हणून गृहिणीला हुडहुडी भरली. उबदार पांघरूणाने ती थांबली. घाटातील प्रवासात ज्यांना उलट्या होतात, त्यांना भुलीनंतर मळमळ होण्याचा संभव अधिक असतो, आणि ती त्यांपैकीच होती. आजोबांना त्यांचा चष्मा दिला, मुलीने हात धरून त्यांना दिवस व ठिकाण सांगितले. दोन दिवसांनी त्यांचे मन ताळ्यावर आले. वृद्धांत असा भ्रम पुष्कळदा दिसतो. त्यास वेड समजून हसू नये.

आणि तो मुलगा? लहान मुलांचा मेंदू सर्व अंगांनी एकाच वेळी जागा होत नाही. डोळे उघडतात, पण ओळख मागाहून येते. अर्ध्या तासात त्याचे रडे शमले व तो आईच्या कुशीत झोपी गेला. पुन्हा जागा झाला तेव्हा त्याने पहिला प्रश्न केला, "माझी शस्त्रक्रिया केव्हा आहे?" आई हसली. पलीकडे भूलतज्ज्ञ मात्र अजूनही त्याच्या नाडीचे आकडे पाहत उभे होते.