समुद्रावरचा वारा आणि भिवंडीचा माग

भिवंडींत वीज गेली कीं यंत्रमागांचा खडखडाट थांबतो, आणि त्याबरोबर कामगाराची मजुरीहि थांबते. मग जवळच्या समुद्रावर वाहणारा वारा या मागांसाठीं कां राबवूं नये?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यांतील शक्ति आठपट होते. म्हणूनच मोकळ्या समुद्राचें एवढें आकर्षण! डेन्मार्कनें १९९१ सालीं व्हिंडेबी येथें समुद्रांत अकरा पवनचक्क्या उभारल्या. समुद्रांत खांब रोवण्याची विद्या आपणांसहि नवी नाहीं. १९७४ सालीं मुंबई हाय येथें तेल लागलें आणि पुढें तेथें पोलादी फलाट उभे राहिले. परंतु फलाट अनेक पायांवर पसरून बसतो. पवनचक्की मात्र ताडासारखी उंच आणि शेंड्याशीं जड. वारा तिला वरून रेटतो, लाटा खालून हलवितात, आणि सारा ताण पायावर येतो. तळ मऊ चिखलाचा असल्यास पोलादी नळा फार खोल ठोकावा लागतो. त्यासाठीं प्रचंड यारीचीं जहाजें लागतात. तीं जगांत थोडीं. शिवाय पावसाळ्यांतील खवळलेला समुद्र काम करूं देत नाहीं. प्रत्येक खोळंब्याचें भाडें अखेर विजेच्या दरांत चढतें.

म्हणून २०२४ सालीं केंद्र सरकारनें गुजरात व तमिळनाडूजवळील १००० मेगॅवॉटसाठीं ७४५३ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. त्यांतील ६०० कोटि दोन बंदरांच्या सुधारणेसाठीं आहेत. बंदरें, जहाजें व कसबी हात येथेंच तयार झाले, तरच ही वीज मागवाल्यास परवडेल.