केबल गेली, पण चोरी झाली का?

सोलापूर जिल्ह्यातल्या मैंदर्गीच्या शिवारात विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेणं ही काही मोठी बातमी नव्हे. चोराला हवं असतं आतलं तांबं. ओढ्याच्या आडोशाला केबल जाळायची, वरचं प्लास्टिक जळून गेलं की तारा गोळा करायच्या आणि भंगारात किलोवर विकायच्या. सकाळी मालक स्टार्टरचं बटण दाबतो, मोटार उचलत नाही. जाऊन बघतो तर केबलचं तुटकं टोक काठावर लोंबत असतं. पुढे बहुतेक वेळा काहीच होत नाही. दोन शिव्या हासडून माणूस अक्कलकोटला जातो, नवी केबल आणतो, जोडतो. उसाला पाणी द्यायचं असतं आणि ठाण्यात जायचं म्हणजे दिवस मोडतो. ही चोरी कुठल्याच कागदावर येत नाही. गुन्ह्यांच्या आकडेवारीची पहिली गाळणी बांधावरच लागते, पोलिसांचा तिथे संबंधसुद्धा येत नाही.

मी एका दैनिकाचा इथला वार्ताहर. मानधन नावापुरतं, पण गल्लीतल्या कोणाचंही ठाण्यात काम निघालं की सोबतीला मलाच नेतात. वर्षअखेरीला संपादकांकडून हमखास निरोप येतो: तालुक्यात गुन्हे वाढले की घटले, आकडे पाठवा. आकडे मिळतात. ते कसे तयार होतात, हे मात्र प्रेसनोटमधून कळत नाही. त्यासाठी ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या अण्णांची केबल गेली तेव्हा मी तसा बसलो होतो. अण्णा सत्तरीकडे झुकलेले. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि घाईत दोन्ही एकत्र. आमच्या सीमेवरच्या बहुतेकांचं तसंच. त्यांनी सांगायला सुरुवात केली ती बांधाच्या शेजाऱ्याशी मागे झालेल्या भांडणापासून. हवालदार तरणा होता, पण समजूतदार. त्यानं अण्णांना बोलू दिलं आणि त्या बोलण्यातून त्याला लागणारं तेवढं वेचत राहिला. केबल शेवटची कधी पाहिली, नाही हे कधी कळलं, गट नंबर काय, ठाण्यापासून दिशा कुठली, अंतर किती. संगणकावर मजकूर उमटत होता: समक्ष ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की... कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेली आहे. अण्णांनी आयुष्यात 'लबाडीच्या इराद्याने' असं म्हटलं नसेल, पण फिर्यादीत ते म्हणतात. गाडी अडली ती किमतीवर.

"काका, केबल केवढ्याची?"

"घेतली तेव्हा साडेसहा हजाराची."

"कधी घेतली?"

"दोन वर्षं झाली की."

"पावती आहे? नाही? मग आजच्या घडीला काय किंमत लावायची?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "साडेचार लिहा साहेब. जुन्या मालाचं खोटं कशाला सांगायचं."

हवालदाराची बोटं थांबली. "साडेचार लिहिलं तर एन.सी. होते काका. बघा विचार करून."

या वाक्यात अलीकडच्या काळातला मोठा बदल दडलेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात चोरी म्हणजे चोरी. पाचशेची असो की पाच लाखांची, ती दखलपात्र होती. नव्या व्यवस्थेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र, म्हणजे एन.सी., झाली. अशा प्रकरणात पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. गुन्हा रजिस्टर नंबर पडत नाही. तक्रारीची नोंद अदखलपात्राच्या वहीत होते आणि तिची प्रत घेऊन माणूस घरी जातो. न्यायालयांवरचा भार हलका करायचा आणि किरकोळ चोराला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा द्यायची, हा त्यामागचा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण हिशोब मांडणाऱ्यासाठी चोरीची व्याख्याच बदलली. २०२३ आणि २०२५ चे चोरीचे आकडे शेजारी ठेवून कोणी 'घट' म्हणाला, तर त्या घटीत चोर किती सुधारले आणि रेघ किती सरकली, हे आधी विचारावं लागेल. शिवाय तांबं महागलं की तीच केबल आपोआप रेघेच्या वर जाणार. अण्णांनी किंमत बदलली नाही. त्याच दिवसांत शेजारच्या शिवारातल्या एकाची लांब, नवी केबल गेली, ती आठ हजारांची निघाली. त्याचा गुन्हा दाखल झाला. कदाचित चोर एकच असेल.

याच्या उलट टोकाला मोटारसायकल. ती चोरीला गेली की माणूस धावतपळत ठाण्यात येतो, कारण एफ.आय.आर.च्या प्रतीशिवाय विमा कंपनी दारात उभी करत नाही. शिवाय उद्या त्या गाडीवरून कोणी काही उद्योग केला तर नंबर आपला. म्हणून वाहनचोरीचा आकडा बऱ्यापैकी विश्वासाचा मानला जातो, आणि हे जगभर असंच आहे. खुनाचंही तसंच, प्रेत लपवणं अवघड. तिथेही विहिरीत सापडलेला माणूस आधी 'अकस्मात मृत्यू'च्या नोंदीत जातो आणि शवविच्छेदनानंतर काही निष्पन्न झालं तरच खुनाच्या रकान्यात सरकतो. बाजारात खिशातून गेलेला मोबाइल मात्र बहुधा 'गहाळ' होतो. लोकांनाही तेच सोयीचं, सिमकार्ड परत मिळण्याशी मतलब. मग कधीतरी 'गहाळ मोबाइल मूळ मालकांना परत' असा फोटो आमच्या पेपरात छापून येतो आणि त्यातले काही मोबाइल परजिल्ह्यात, दुसऱ्याच सिमकार्डासह वापरात सापडलेले असतात. चांगलेच लांब गहाळ झाले म्हणायचे.

आतापर्यंत बोललो ते फिर्यादी चालत आला तरच नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांबद्दल. दुसरी जात आहे ती पोलीस शोधायला गेले तरच अस्तित्वात येणाऱ्यांची. भीमेच्या पात्रातून रात्री वाळू निघते. ट्रॅक्टर पकडला तर चोरीचा गुन्हा, फिर्यादी पोलीस किंवा महसूलचा माणूस. नाही पकडला तर त्या रात्री काही घडलंच नाही. मटका, हातभट्टी, गुटखा सगळ्यांचं असंच. आमचं गाव कर्नाटकाच्या हद्दीला लागून, म्हणून गुटख्याच्या गोण्यांची बातमी मला वरचेवर लिहावी लागते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पकडलेल्या मालावर अन्नसुरक्षा कायद्याबरोबर दंड संहितेचं ३२८ कलम लावायची पद्धत पडली. आता त्याच्या जागी न्याय संहितेचं १२३. हे कलम विष किंवा गुंगीचं औषध देऊन इजा करण्याचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एन.सी.आर.बी., मोजताना एक नियम पाळतो: एका एफ.आय.आर.मध्ये कितीही कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढंच धरायचं. त्यामुळे टेम्पोतली पानमसाल्याची पोती कागदावर विषप्रयोगाशेजारी जाऊन बसू शकतात. पुण्या-मुंबईत बसून तक्ता वाचणाऱ्याला वाटायचं, सोलापूरकडे लोक एकमेकांना विष घालतात की काय.

तोच नियम उलटही चालतो. एकाच प्रकरणात दोन गुन्हे असले तर मोजणीत गंभीर तेवढा धरला जातो, दुसरा मागे पडतो.

कायद्याच्या एका फटक्यात आकडा कसा उडतो, याचं ठळक उदाहरण टाळेबंदीचं. २०२० मध्ये देशात नोंदलेले गुन्हे आदल्या वर्षीपेक्षा २८ टक्क्यांनी वाढले. त्या वर्षी चोऱ्या आणि घरफोड्या कमीच झाल्या होत्या; घरं भरलेली, रस्ते रिकामे. वाढ आली कुठून? मोठा भाग सरकारी आदेश मोडल्याबद्दलच्या १८८ कलमातून. २०१९ मध्ये या कलमाखाली २९,४६९ गुन्हे होते, २०२० मध्ये ६,१२,१७९. विनाकारण बाहेर पडलेली माणसं देशाचा गुन्हेगारीचा आलेख वर घेऊन गेली. असंच २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत गुन्हा नोंदवायला सांगितल्यावर अपहरणाचे आकडे फुगले. सतरा वर्षांची मुलगी मर्जीने कोणाबरोबर गेली तरी ते 'फूस लावून पळवून नेले' असंच लिहिलं जातं, मग ती पंधरवड्यात आईकडे परत का येईना.

आणि दर? तो काढतात लाख लोकसंख्येमागे. छेद कुठला घ्यायचा हा प्रश्न सोलापूर जिल्ह्याइतका कुठे बोचत नसेल. पंढरपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आसपास होती; आषाढीला तिथे त्याच्या कितीतरी पट माणूस येतो. पाकीट मारलं गेलं परभणीच्या वारकऱ्याचं, भागायचं मात्र पंढरपूरच्या रहिवाशांनी. अक्कलकोटला गुरुवारी, स्वामींच्या पुण्यतिथीला वेगळं काय घडतं? आमच्यासारख्या गावांचं याच्या नेमकं उलट. ऊसतोड आणि पुण्याची बांधकामं सुरू झाली की निम्म्या गल्ल्यांना कुलपं. त्या कुलपांमुळे घरफोड्याही होतात आणि जनगणनेतली माणसं प्रत्यक्षात गावात नसतात. लहान आकड्यांची गंमत आणखी निराळी. दहा-बारा हजार वस्तीच्या गावात वर्षात एक खून झाला तरी लाखामागे दर आठ-दहावर जातो, देशाचा असतो दोनच्या आसपास. पुढच्या वर्षी खून नाही, दर शून्य. यावरून त्या गावाबद्दल काहीही बोलणं म्हणजे थापा.

ऋतूचा मात्र हात असतो, हे कुठल्याही बीट अंमलदाराला विचारा. एप्रिल-मेमध्ये माणसं माळवदावर झोपतात आणि खालच्या खोलीतली पेटी जाते. तूर निघून हातात पैसे आले की घरात रोकड असते. तांब्याचा भाव चढला की केबल, सोन्याचा चढला की मंगळसूत्र. यात गूढ काही नाही. अवघड आहे ते एवढंच, की हे खरे चढउतार आणि नोंदीचे चढउतार एकाच आकड्यात कालवलेले असतात. एन.सी.आर.बी. स्वतःच आपल्या अहवालात बजावते की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती सूचना मथळ्यात कधीच येत नाही.

आपण कोणावर डोळा ठेवतो यावर काय मोजलं जातं हे ठरतं, आणि त्याचा सगळ्यात कडवट दाखला सोलापुरातच आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. माणसं गिरण्यांत राबायची आणि त्यांची हजेरी घेतली जायची. ज्याची रोज हजेरी घेता त्याची गैरहजेरीसुद्धा गुन्हा होते. मग नोंदी वाढतात आणि त्या नोंदी दाखवून कायदा बरोबर होता असं सिद्ध करता येतं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. शहरातल्या त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात, आणि चोरी झाली की संशय आधी कुठे वळतो हेही फारसं बदललेलं नाही. पोलिसांचाच नव्हे, आमच्या पारावरच्या लोकांचाही.

या पार्श्वभूमीवर २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीणच्या तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी सुरू केलेलं 'ऑपरेशन परिवर्तन' मला वेगळं वाटलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर धाडी पडायच्या, रसायन ओतलं जायचं, गुन्हे नोंदले जायचे आणि पुन्हा भट्ट्या पेटायच्या. त्यांनी अधिकाऱ्यांना गावं आणि तांडे दत्तक दिले, समुपदेशन आणि दुसऱ्या रोजगाराची जोड दिली. आता हिशोबाच्या बाजूने बघा. भट्ट्या खरोखर बंद झाल्या तर दारूबंदीचे गुन्हे घटतील. पोलिसांनी धाडी टाकणं सोडून दिलं तरी दारूबंदीचे गुन्हे घटतील. तक्त्यात दोन्हींची आकृती हुबेहूब एकच. फरक कळायचा तर तांड्यावर जाऊन विचारावं लागतं की घर आता कशावर चालतं.

घरातल्या मारहाणीचं तर ठाण्याच्या वहीत काहीच कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २१ च्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी शंभरात फक्त चौदा जणींनी कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि कोणाकडे म्हणजे बहुतांशी माहेरच्यांकडे. इंग्लंड-अमेरिकेत घरोघर जाऊन 'वर्षात तुमच्या बाबतीत काय घडलं' असं विचारणारी सर्वेक्षणं १९७०-८० च्या दशकांपासून नियमित होतात. पोलिसांचा आकडा आणि लोकांचा आकडा शेजारी ठेवता येतो. आपल्याकडे नियमित असं काही नाही. त्यामुळे एखाद्या ठाण्यात महिलांच्या तक्रारी अचानक वाढल्या, तर मी आधी विचारतो तिथे नवी महिला अधिकारी आली का. बऱ्याचदा उत्तर 'हो' असतं. मग त्या ठाण्याचा अधिकारी मासिक क्राईम मीटिंगमध्ये 'मागच्या वर्षी याच महिन्यात एवढे होते, यंदा एवढे कसे' याचं उत्तर देत उभा राहतो.

संपादकांचा निरोप यंदाही येईल. मी खुनाचा आणि मोटारसायकलींचा आकडा पाठवतो, चोरीचा पाठवताना पाच हजारांची रेघ कंसात लिहितो. ती जागेअभावी कापली जाते. ठाण्यात एक प्रश्न मात्र सोडत नाही: गुन्हे किती दाखल झाले ते लिहून घेतलं, अदखलपात्राच्या वहीत या वर्षी किती पानं भरली? प्रेसनोटमध्ये तो रकाना नसतो. हवालदार हसतो, म्हणतो, "वही मोठी झालीय, एवढं लिहा."