सायकल घेताना गुडघ्याला विचारा

‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण माझ्याच दवाखान्यात माझ्याच तोंडावर खरी ठरली. मधुमेहाच्या एका आजोबांना मी रोजच्या व्यायामाचे महत्त्व पटवून देत होतो. आजोबांनी चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि शांतपणे विचारले, “डॉक्टर, तुम्ही स्वतः किती चालता?” दारात माझी स्कूटर उभी होती. मी हसून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून जाईना.

त्याच आठवड्यात स्वतःचे रक्त तपासले. एचबीएवनसी ही गेल्या सुमारे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. माझा आकडा आला ६.१. वाचकहो, ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. माझे वय ५२ आणि वडिलांना मधुमेह. उंबरठ्यावरून आत जायचे की मागे फिरायचे, हे आता मलाच ठरवायचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. एवढा वेळ आणायचा कोठून? साताऱ्यात माझे घर कोडोलीच्या बाजूला आणि दवाखाना राजवाड्याजवळ. अंतर पाच-सहा किलोमीटर, जाताना चढ. हाच प्रवास सायकलने केला तर जाऊन-येऊन ५० मिनिटे होतात. पाच दिवसांत २५० मिनिटे! वेगळा वेळ काढायलाच नको.

पहिली चूक

उत्साहाच्या भरात मी शहरातल्या एका मोठ्या दुकानातून सडपातळ, चकचकीत सायकल आणली. गिअर नाही, टायर बोटाएवढे, बसायला वाकून. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याची वाटी दुखू लागली. जुलैच्या पावसात एका उतारावर ब्रेक दाबला आणि सायकल थांबेचना. समोर शाळेची मुले रस्ता ओलांडत होती. कसाबसा पाय घासत, कठड्याला टेकत थांबलो. मुले हसली, मी मात्र घामाने भिजलो. सायकल अंगणात पडून राहिली आणि स्कूटर पुन्हा सुरू झाली.

दोष माझ्या निवडीचा होता. हे समजावून सांगितले आमच्या पेठेतल्या सायकल मिस्त्रींनी. ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुम्ही पेशंट न तपासता औषध देता का? मग माप न घेता सायकल कशी घेतली?” जुनी सायकल विकली, १५,००० रुपयांची मर्यादा ठरवली आणि एकेक भाग निवडून नवी सायकल जोडून घेतली. तेव्हा जे शिकलो ते आज सांगतो.

आधी माप

अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा. दोन्ही पायांमध्ये एक जाड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर मोजा. या मापाला ०.८८३ ने गुणा. पायडलचा दांडा ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची साधारण योग्य असते. माझे माप ७८ सेंटिमीटर, म्हणून सीटची उंची सुमारे ६९ सेंटिमीटर. गुणाकार नको असेल तर सीटवर बसून खाली गेलेल्या पायडलवर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना तो आपोआप किंचित वाकलेला राहतो.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. मागून दुखत असेल तर फार वर आहे. माझी पहिली सीट चांगली दोन इंच खाली होती. फ्रेम निवडताना आडव्या नळीवर दोन्ही पाय टेकून उभे राहा. नळी आणि शरीर यांत दोन-तीन बोटे अंतर सुटले पाहिजे. साधी लोखंडी फ्रेम चालते. थोडी जड असली तरी टिकते आणि गरज पडली तर गावातही वेल्डिंग करून मिळते. मडगार्ड आणि कॅरियर बसवायला भोके आहेत ना, एवढे पाहून घ्या.

चाके आणि टायर

पैसा खर्च करायचाच तर तो इथे करावा. माझ्या १५,००० पैकी जवळजवळ एक तृतीयांश रक्कम चाके, टायर आणि ट्यूब यांवर गेली. रिम अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची घ्यावी. खड्ड्यात आदळली तरी लवकर आऊट होत नाही. टायर ३२ ते ३५ मिलिमीटर रुंदीचे घ्या. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, त्यामुळे खड्ड्यांचे हादरे मनगटाला आणि कमरेला कमी बसतात.

ट्यूब घेताना वॉल्व्ह पाहा. मोटरसायकलसारखा जाड वॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. विदेशी पद्धतीचा बारीक वॉल्व्ह असेल तर अ‍ॅडॉप्टर खिशात ठेवावा लागतो. तालुक्याच्या गावी ज्याची ट्यूब सहज मिळते, तेच माप बरे.

गिअर कशासाठी?

गिअर ही चैन नव्हे, ते गुडघ्याचे औषध आहे. माझ्या पहिल्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १६ दात होते. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ सहा मीटर पुढे जायची. सपाटीवर ठीक, पण चढावर हा सगळा भार गुडघ्यावर. नव्या सायकलला पुढे ३८ दातांची एकच चकती आणि मागे १४ ते ३४ दातांचे सात गिअरचे फ्रीव्हील बसवले. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल जेमतेम अडीच मीटर जाते. वेग कमी होतो, पण पाय हलके फिरतात. मिनिटाला ६० ते ८० फेरे ही चाल गुडघ्याला मानवते.

अकरा-बारा गिअरच्या मागे लागू नका. गिअर वाढले की चेन बारीक होते, सुटे भाग महाग होतात आणि लहान गावात मिळत नाहीत.

चेनची एक युक्ती मिस्त्रींनी शिकवली. नव्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे २४ कड्या बरोबर १२ इंच. अधूनमधून पट्टी लावून मोजा. अर्धे सूत वाढली की चेन बदला. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात, तर फ्रीव्हीलचे दातही गेले समजा.

ब्रेकमध्ये काटकसर नको

क्रोमच्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेकचे रबर घसरते. माझ्या पहिल्या सायकलला तीच रिम होती. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड बरीच चांगली राहते. मी व्ही-ब्रेक निवडले. स्वस्त, जोरदार, आणि रबर बदलायला दहा मिनिटे. मात्र लिव्हर व्ही-ब्रेकसाठीचाच हवा. रेसिंग हँडलचा साधा लिव्हर पुरेशी तार ओढत नाही. तो हँडलला टेकतो आणि ब्रेक अर्धवट लागतो. डिस्क ब्रेक पावसात उत्तम, पण त्यांतले स्वस्त वारंवार जुळवावे लागतात.

सीट आणि हँडल

गादीसारखी जाड, मऊ सीट पाहून मोह होतो. पण आपला भार बैठकीच्या दोन हाडांवर पडला पाहिजे. फार मऊ सीटमध्ये ही हाडे रुततात आणि मधल्या नाजूक भागातील नसांवर दाब येतो. मुंग्या येत असतील तर दुर्लक्ष करू नका. सीटचा उतार आणि उंची तपासा किंवा सीट बदला. पन्नाशीनंतर हँडल सरळ आणि सीटच्या बरोबरीने किंवा थोडे वर असावे. करंगळी बधिर होत असेल तर तळहातावर भार जास्त येतो आहे, असे समजा.

मडगार्ड, कॅरियर, घंटी, पुढचा-मागचा दिवा आणि कुलूप यांचे पैसे आधीच बाजूला ठेवा, नाही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायचा. हेल्मेट मात्र या हिशेबात धरू नका, ते घ्यायचेच. आणि खर्च कमी करायचाच असेल तर रंग, स्टिकर आणि वजन यांवर पाणी सोडा. दोन किलो सायकलचे कमी करण्यापेक्षा पोटाचे कमी करणे स्वस्त पडते!

थोडी सावधगिरी

छातीत दुखणे, धाप, हृदयविकार किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेले असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा साखर फार खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच उतरावे. पहिले दोन आठवडे सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटेच चालवा.

या गोष्टीला आठ महिने झाले. गुडघा दुखत नाही. परवाची तपासणी ५.७ आली. सगळे श्रेय सायकलचे नाही. रात्रीचा भात आणि दवाखान्यातला गोड चहाही कमी केला आहे. उंबरठा अजून ओलांडलेला नाही, पण तोंड मात्र घराबाहेरच्या दिशेला वळले आहे.

गेल्या सोमवारी तेच आजोबा आले. दारातली सायकल पाहून म्हणाले, “आता सांगा डॉक्टर, मी काय करू?” त्यांना रोज अर्धा तास चालायला सांगितले. या वेळी त्यांनी चिठ्ठी घडी करण्याआधी वाचली.