दारात आलेले पावतीपुस्तक

भर दुपार. घरची माणसे रानात. दारात एक अनोळखी माणूस येतो. हातात पावतीपुस्तक. म्हणतो, "मावशी, अनाथ मुलांसाठी द्या काहीतरी."

वासुदेवाला, गोंधळ्याला आपण पसाभर जोंधळे घालतो. ते पिढ्यान्‌पिढ्यांचे. पावतीपुस्तकवाल्याची गोष्ट निराळी. तो उद्या कुठे असेल, कोणास ठाऊक!

आता तुम्हांला वाचता येते. मग पावती हातात घ्या नि पैसे देण्याआधी वाचा. संस्थेचे नाव आहे का? पत्ता? नोंदणीचा नंबर? आपल्या राज्यात १९५० सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे अशा संस्थेला धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची, तर त्या कचेरीची परवानगी लागते. तो कागद दाखवा म्हणावे. खरा माणूस रागावत नाही.

आम्ही हेडमास्तर असून एकदा फसलो! न वाचताच शंभराची नोट दिली. संध्याकाळी चष्मा लावून पाहतो, तर पावतीवर पत्ताच नाही. घरात महिनाभर आमची थट्टा चालली होती.

द्यायचे नसेल तर "नको बाबा, पुढे जा" एवढेच म्हणावे. कारणे सांगत बसू नये. घरात एकटे असाल तर कडी काढू नका. कुणी शाप देतो म्हणून भिऊ नका. शापाने म्हैस आटत नाही, वैरण कमी पडली म्हणजे आटते. माणूस अडूनच बसला, तर शेजाऱ्याला हाक मारा, पोलीस पाटलांना कळवा. फोन असेल तर ११२ नंबर लावा.