फिरत्या चाकावरील बिंदूचा मार्ग

वर्तुळाचा परीघ व क्षेत्रफळ हे पाठ पूर्ण झाल्यावर वरच्या वर्गातील मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा. बैलगाडी सरळ रस्त्याने चालली आहे. चाकाच्या धावेवर एके ठिकाणी चुन्याचा ठिपका दिला आहे. गाडी पुढे जात असता तो ठिपका हवेत कोणती आकृती रेखील?

बहुतेक मुले ‘वर्तुळ’ असे उत्तर देतात. हे उत्तर चूक म्हणून तत्काळ टाकून देऊ नये. गाडीत बसून चाकाकडे वाकून पाहणाऱ्यास ठिपका आसाभोवती वर्तुळातच फिरताना दिसतो. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मनुष्यास मात्र तो एकापुढे एक कमानी रेखीत जाताना दिसेल. मुलाने उत्तर कोठे उभे राहून दिले आहे, हे शिक्षकाने प्रथम ओळखावे. मग दुसरी जागा त्याला दाखवावी. या कमानीच्या वक्रास ‘चक्रज’ म्हणतात. त्याचे ‘सायक्लॉइड’ हे नाव गॅलिलिओने दिलेले आहे.

कृती : जाड पुठ्ठ्याची ७ सेंटिमीटर व्यासाची चकती कापावी. तिच्या कडेला पेन्सिलीचे टोक बसेल एवढी बारीक खाच करावी. कागदावर पट्टी घट्ट धरून, खाच पट्टीला टेकलेली असताना चकती पट्टीच्या कडेने गडगडत न्यावी. खाच पुन्हा पट्टीला टेकेपर्यंत एक कमान पूर्ण होते. चकती घसरली तर आकृती बिघडते. म्हणून एका मुलाने पट्टी धरावी, दुसऱ्याने चकती फिरवावी.

आता मुलांकडून मोजमाप करवून घ्यावे. कमानीची उंची व्यासाइतकी, म्हणजे ७ सें. मी. भरते. पायाची लांबी परिघाइतकी, सुमारे २२ सें. मी. येते. कमानीवर दोरा बसवून मोजल्यास तो २८ सें. मी. च्या जवळपास भरतो, म्हणजे व्यासाच्या चौपट. येथे एक नवल आहे. वर्तुळाचा परीघ सांगताना २२/७ हे स्थूल मान घ्यावे लागते. पण त्याच वर्तुळापासून निघालेल्या या कमानीची लांबी व्यासाच्या नेमकी चौपट असते. हे इंग्लंडच्या क्रिस्टोफर रेनने १६५८ साली सिद्ध केले.

क्षेत्रफळासाठी गॅलिलिओचीच युक्ती वापरावी. त्याने पत्र्याची कमान व वर्तुळ कापून दोहोंचे वजन ताडून पाहिले. आपण एकाच पुठ्ठ्यातून एक कमान व तीन चकत्या कापाव्या आणि पट्टीच्या मध्यभागी दोरा बांधून केलेल्या हलक्या तराजूत तोलाव्या. पारडी जवळजवळ समतोल राहतात. गॅलिलिओलाही उत्तर तिपटीच्या जवळ मिळाले. परंतु ते नेमके तिप्पट आहे, हे वजनावरून ठरेना. ती सिद्धता फ्रान्समध्ये रोबेर्वालने १६३४ च्या सुमारास दिली. मोजमापाने अंदाज बांधता येतो, खात्री सिद्धतेनेच होते, हा भेद मुलांच्या मनावर ठसविण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

गतीचा बोधही याच आकृतीतून होतो. चाकावरील प्रत्येक बिंदू आसाबरोबर पुढे जातो आणि आसाभोवती तितक्याच वेगाने फिरतोही. माथ्यावर दोन्ही गती एकाच दिशेच्या असल्याने तेथे वेग गाडीच्या दुप्पट होतो. जमिनीला टेकताना त्या परस्परविरुद्ध असल्याने बिंदू क्षणभर स्थिर राहतो. म्हणूनच धावत्या सायकलच्या चाकाचे वरचे आरे पुसट दिसतात व खालचे त्या मानाने स्पष्ट दिसतात. मुलांनी हे रस्त्यावर उभे राहून स्वतः पाहावे.

हीच कमान उलटी केली असता आणखी एक गुण प्रकट होतो. तिच्यावरून घर्षणाशिवाय घरंगळणारा मणी कोणत्याही उंचीवरून सोडला तरी तळाशी पोहोचण्यास सारखाच वेळ घेतो. हॉलंडच्या हायगेन्सने १६५९ साली हे शोधून लंबकाच्या घड्याळासाठी त्याचा उपयोग केला.

शेवटी एक सूचना. चौपट व तिप्पट ही उत्तरे फळ्यावर आधी लिहू नयेत. दोरा व तराजू मुलांच्या हाती द्यावा, निरनिराळ्या गटांनी आणलेले आकडे शेजारी-शेजारी मांडावे आणि ते थोडेथोडे वेगळे का आले, याचा विचार मुलांनाच करू द्यावा.